भाऊंचा तस्कर

आमचे सासरे स्वतःच्या घरातसुद्धा पाय आपटत शिरत. उंबऱ्याबाहेर दोनदा टाच आपटायची, क्षणभर थांबायचं, मग आत. लग्न होऊन चिंचवडहून लोणावळ्याजवळ तुंगार्लीच्या खालच्या अंगाला, आमच्या वस्तीत आले तेव्हा मला वाटायचं, हे माझ्यावर चिडलेत. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "चिडत न्हाईत गं. दाराआड कोन बसलं आसंल तर त्याला जायला सवड देत्यात." कोण म्हणजे साप. देहूरोडच्या लष्करी डेपोत नोकरीला असताना ते गोदामातले साप धरायला शिकले आणि निवृत्तीनंतर तेच त्यांचं काम झालं. गाव त्यांना सापवाले भाऊ म्हणे. मीही भाऊच म्हणायचे.

"धरला की सोडायचा. ठिवायचा न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. साप घरात ठेवणं कायद्यात बसत नाही, हे ते इतरांना दटावून सांगत. एका बंगल्यातल्या पाहुण्यानं धामण गळ्यात घालून फोटो काढू द्या म्हणून हट्ट धरला, तेव्हा भाऊ म्हणाले, "त्यो काय हार हाय व्हय?" आणि पिशवीचं तोंड बांधून चालू लागले.

सासूबाई एका पावसाळ्यात गेल्या. त्यानंतर भाऊंचं बोलणं जेवायला हाक मारण्यापुरतं उरलं. माझा नवरा तळेगावच्या कंपनीत शिफ्टला, मी चार महिन्यांची गरोदर. घरात दिवसभर आम्ही दोघंच, आणि दोघंही गप्प.

नोव्हेंबरच्या अखेरीस एका बंगल्याच्या पायासाठी जेसीबीनं जुना दगडी बांध उकरला. त्यातून एक लहान तस्कर साप निघाला. बिनविषारी, तपकिरी, हातभर लांब. पाठीवर सोलवटलेली जखम. भाऊंनी त्याला घरी आणलं. वनरक्षकाला फोन केला. तो म्हणाला, पुण्याच्या प्राणी उपचार केंद्रात पोचवा. भाऊ "व्हय, व्हय" म्हणाले आणि नेलं नाही. गुरांच्या डॉक्टरांना विचारून जखमेवर औषध लावलं. थर्माकोलच्या खोक्याला भोकं पाडली, आत वाळका पाला, एक फुटकं कौल, पाण्याची वाटी. झाकणावर सुतळीचे दोन वेढे.

थंडी वाढली तशी त्यांची त्याच्याभोवतीची लगबग वाढली. खोकं चुलीजवळ नको, दाराच्या वाऱ्यात नको. सकाळी अर्धा तास कोवळ्या उन्हात, तेही अर्धं सावलीत. मी एकदा विचारलं, "याला खायला काय देता?" तर म्हणाले, "थंडीत पचत न्हाई त्याला. पोटात घातलं की सडतं. पानी दे अन गप ऱ्हा, एवढंच करायचं." उन्हात खोक्याशेजारी बसून ते त्याच्याशी बोलत. एकदा त्यात सासूबाईंचं नाव ऐकू आलं. मी आत निघून गेले.

मला त्या सापाची भीती वाटायची, आणि त्याहून जास्त रागही यायचा. माझ्या पोटातल्या बाळाची चौकशी भाऊंनी तेवढ्या वेळा केली नव्हती.

जानेवारीत एके दुपारी भाऊ लोणावळ्याला बँकेत गेले होते. शेजारच्या मावशी आल्या, खोक्याच्या भोकातून डोकावल्या आणि मागं सरल्या. "आगं, डोळं पांढरं झाल्यात याचं! दोन जिवांच्या बाईची नजर पडली की जनावर आंधळं व्हतं. अन मग डूख धरतं." मी वाकून पाहिलं. खरंच डोळ्यांवर दुधासारखा पडदा होता. मावशी गेल्या तशी मी एक काठी घेतली. खोकं उचललं, शेवटच्या घरापलीकडं दुसऱ्या एका दगडी बांधापर्यंत गेले, सुतळी सोडली, काठीनं ते कलंडवलं आणि मागं न बघता आले. रिकामं खोकं जागेवर ठेवलं, झाकण अर्धवट टाकलं.

भाऊ आले. खोक्यात डोकावले. "झाकन कुनी काढलं?"

"मी हात नाही लावला. तुम्ही सकाळी उन्हात ठेवलंत, तेव्हाच सुतळी बांधायची राहिली असेल."

त्यांनी कपाळाला हात लावला. मग संध्याकाळपर्यंत घर शोधलं. पोती, लाकडं, सासूबाईंच्या जुन्या पातळांची ट्रंकसुद्धा. त्यांचं ते वाकणं बघवेना, म्हणून मी म्हणाले, "जाऊ द्या ना भाऊ. आंधळाच झाला होता तो."

ते थांबले. "आंधळा न्हाई, पोरी. कात टाकायच्या आधी डोळं दुधाळ व्हत्यात. जखम भरत आलती त्याची." मग स्वतःशीच, "अशा डोळ्यांनी, या थंडीत कुटं गेला आसंल?"

त्या दिवसापासून भाऊंनी साप धरणं सोडलं. फोन आला की म्हणत, "दुसरं कुनी बगा. माझं ध्यान ऱ्हात न्हाई आता." नवऱ्यानं फार विचारलं तेव्हा कळलं. भाऊंचे थोरले बंधू असेच विसरू लागले होते आणि शेवटी स्वतःचं घर ओळखत नव्हते. भाऊ आता निघताना कडी दोनदा तपासत, गॅस तीनदा. माझ्याकडं बघून विचारत, "मी जेवलो का गं?" जेवलेले असत आणि तेही त्यांना ठाऊक असे. फक्त खात्री करून घेत. पंधरवड्यानं रस्त्याच्या कडेला काठ्यांनी ठेचलेली धामण पडली होती. भाऊ तिच्यापाशी बराच वेळ उभे होते.

बाळंतपणाला माहेरी जायच्या आदल्या दिवशी मला राहवेना. अंगणात त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. शिव्या खायची तयारी ठेवली होती.

भाऊंनी विचारलं, "म्हंजी सुतळी मी बांधलीती?"

"हो. दोन वेढे."

"मंग मी इसरलो न्हवतो." उपरण्यानं तोंड झाकून ते रडले, आणि मीही. मग पायात वहाणा घालून उठले. "कुटं सोडलंस त्याला? चल, दाव."

सातव्या महिन्याचं पोट सांभाळत मी त्यांना बांधापर्यंत नेलं. त्यांनी दगडांवर तळवा टेकवला, वाकून फटीत पाहिलं. आत काही दिसलं नाही. "ऊन धरनारा दगड हाय. सांद खोल हाय," ते म्हणाले. "जागा बरी बगितलीस पोरी. जगला आसंल."

दुसऱ्या दिवशी मला स्टँडवर सोडून ते तिथूनच एका बंगल्यावर साप धरायला गेले.

मी जागा बघितली नव्हती. खोकं एकदाचं हातातून सुटावं एवढंच डोक्यात होतं आणि बांध सगळ्यात जवळ होता. माझी मुलगी दीड वर्षाची असताना भाऊ गेले, तोवर हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटली नाही.