हात पुसणं

आमच्या कॉलनीतल्या बायकांचा थ्रोबॉल रोज सकाळी सातला सुरू होतो. काल शिंदेकाकूंच्या हातातून अगदी सोपा बॉल सुटला. साठी ओलांडलेल्या काकूंनी दोन्ही तळवे ओढणीला पुसले, "चला, पुढचा!" म्हणाल्या आणि जाळीकडे बघत उभ्या राहिल्या. तळव्यांना काही लागलेलं नव्हतंच.

माझ्या हातून बॉल सुटला की मी एकेकीकडे वळून सॉरी म्हणते. त्या नादात पुढचाही पायाशी येऊन पडतो. मग मनातल्या मनात विनवते, आता माझ्याकडे नको. मला कुणी बोलत नाही. बोलते ती मीच, पार दुपारी कणीक मळतानासुद्धा.

काल खेळ संपल्यावर मी विचारलं, "काकू, तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटतं की! पण म्हणते, घरी जाऊन निवांत वाईट वाटून घेऊ. आणि घरी गेलं की लक्षातच राहत नाही बघ."

स्वयंपाकघरात आपण दिवसभर हात पुसतो, ते पुढच्या कामाला मोकळे व्हावेत म्हणूनच ना!

आज अटीतटीच्या वेळी बॉल माझ्या बोटांना लागून खाली पडला. आणखी एक पॉइंट गेला की हरलो. 'सॉरी' ओठांवर आलं होतं, पण मी तळवे कुडत्याला पुसले. तेवढ्यात समोरून बॉल उंच आला, बरोबर माझ्या आणि काकूंच्या मधे.

"माझा!" मी इतक्या जोरात ओरडले, की काकू हसत बाजूला झाल्या.