गस्तीची पाटी

हिदाच्या डोंगरातल्या त्या जुन्या जपानी गावाची गवती छपरं बघायला बसा भरभरून लोक येत, आणि गावाचा जीव त्याच छपरांपायी टांगणीला लागलेला असे. रोज संध्याकाळी एका घराने गावभर फिरून विस्तव विझलेत का ते पाहायचं आणि गस्तीची लाकडी पाटी शेजारच्या दारात टांगायची. चियोनोबाईंची पाळी असली की लोक आधीच चुली झाकत. लहानपणी त्यांच्या डोळ्यांदेखत चार घरं जळाली होती. घरी उतरलेल्या पाहुण्यांच्या काडेपेट्यासुद्धा त्या काढून घेत.

त्या दिवशी गस्तीहून परतल्या, तर सकाळी ज्याच्यावर सिगारेटवरून डाफरल्या होत्या तोच पाहुणा स्वयंपाकघरात उभा. “आजी, किटली कोरडी पडून लाल झाली होती. गॅस मी बंद केला.”

किटली ठेवल्याचं त्यांना काही केल्या आठवेना. मान वर करून छपराकडे बघायचा धीर होईना.

पाटी घेऊन त्या तशाच शेजारच्या सुएजीकडे गेल्या. “उद्या तुझी पाळी. फेरी माझ्या घरापासून सुरू कर,” कसंबसं म्हणाल्या.

सुएजीने पाटी घेतली, पण नजर वर केली नाही. “वर्षभर आम्ही सगळे तिथूनच सुरू करतोय, काकू.”