दुसऱ्या भागातला पाऊस

गेल्या महिन्यातला रविवार. चंद्रपूर, आमच्या हॉस्टेलचा टीव्ही हॉल. त्या मुखवटेवाल्या हिरोचे भाग दोन आणि तीन लागोपाठ लागणार होते, हिंदीत डब केलेले... मी कपडे धुऊन, सगळं आवरून पुढची जागा धरली होती.

हिरो विदेशी कॉमिकमधला. एरवी घड्याळं दुरुस्त करतो आणि संकट आलं की मुखवटा घालून छतांवरून उड्या मारतो. पहिला भाग मी नववीत असताना मार्कंड्याच्या जत्रेत, व्हिडिओच्या तंबूत, बाबांच्या शेजारी बसून पाहिला होता.

पुढचे दोन भाग मात्र बाबांनी पाहिले आणि मी ऐकले. बाबा मासेमार, जाळ्याचा दोरा घ्यायला ते चंद्रपूरला यायचे, तेव्हा टॉकीजला जायचे. आमच्याकडे असंच चालतं... एकाने पिक्चर पाहायचा आणि उरलेल्यांनी अंगणात बसून त्याच्या तोंडून तो पूर्ण ऐकायचा.

मी प्रत्येक पिक्चर वहीत लिहून ठेवते. तिन्ही भागांची तुलनाही लिहिली होती... पहिला बरा, तिसरा ठीक, दुसरा सगळ्यात भारी. बाबांनी सांगितलेल्यावर शंका घ्यायचा प्रश्नच नव्हता. शाळेत नाव घालायच्या आधी दोन वर्षं त्यांनीच मला घरी शिकवलं, आणि "पाह्यलं तेवढंच सांगाचं, बाई" हा माझा पहिला धडा होता.

तर दुसरा भाग सुरू झाला. मी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं... आता मोठा पाऊस येईल, विजा चमकतील, हिरोचं घड्याळाचं दुकान पुरात वाहून जाईल.

पाऊस आलाच नाही. दुकानाला आग लागली. लाल, पिवळ्या ज्वाळा, सगळा पडदा पेटलेला...

मुली हसून हसून आडव्या. माझी रूममेट शुभांगी आरमोरीची आहे, तिला तर जोरच आला. "काऊन वो, तुझ्या बाबानं कोनत्या टॉकीजमंदी पाह्यला हा पिक्चर?"

मीच खोटं बोलल्यासारखं वाटायला लागलं. बाबा आमच्याशी खोटं बोलले? टॉकीजला गेलेच नव्हते? पण मग मनातून रचून कशाला सांगायचं...

दोन पिक्चरच्या मधल्या वेळात मी खोलीत जाऊन वही काढली. पहिल्या भागाच्या पानांवर बाबांनी दाखवून दिलेलं बरंच काही होतं... व्हिलनच्या अंगठीचा हिरवा खडा, हिरोच्या बुटांवरची पांढरी पट्टी. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाची आठ पानं मी दोनदा वाचली. त्यांत एकही रंग नव्हता. काच फुटली, दार करकरलं, घंटा वाजली, बाई रडली... नुसते आवाज.

तिसरा भाग लागला तेव्हा शेवटच्या मारामारीत मी मुद्दाम डोळे मिटून घेतले. गोळी सुटली. कुणीतरी पडलं. एक बाई हंबरडा फोडून रडली. वहीत हेच होतं, अगदी ह्याच क्रमाने... "व्हिलन मेला आणि त्याची बहीण रडली."

डोळे उघडले. जमिनीवर हिरो पडलेला होता.

मी उठून उभी राहिले. हिरोसाठी नाही... आगीचा तडतड आवाज पावसासारखाच असतो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आणि ज्या माणसाला नुसती उजेडाची फडफड कळत असेल, त्याला त्या ज्वाळा विजाच वाटणार.

दुसऱ्या दिवशी पहिली बस धरून मूल, चामोर्शीमार्गे गावी पोचले. बाबा अंगणात जाळं विणत बसले होते, मान वर, बोटं चाललेली. मी काही न बोलता समोर चार हात अंतरावर उभी राहिले. लख्ख ऊन होतं.

"कोन आहे? बसा पाव्हने, मानसं येतेतच आता..."

मला रडूच फुटलं. मी कोण ते त्यांना माझ्या रडण्यावरून कळलं.

आई धावत आली. तिला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला. "तीन सालापासून माशाचे काटे मलेच काढाले लावते हा मानूस. मले वाटलं, लाड करून राह्यले!"

ह्याच डोळ्यांनी ते रोज पहाटे एकटे डोंगा घेऊन वैनगंगेत जात होते. मी ओरडलेच त्यांच्यावर... दिसत नव्हतं तर सांगितलं का नाही, आणि टॉकीजला तरी कशाला गेलात?

"सांगतलं असतं त तू कॉलेज सोडून आली असती," ते म्हणाले. जाळ्याची गाठ ओढत पुढे म्हणाले, "अन् पिक्चरची वाट तू पाहून राह्यली होती ना."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. उजवा इतका पिकला होता की अजून काही महिने काढले असते तर त्या डोळ्याची नजर परत आली नसती, असं डॉक्टर म्हणाले. त्याचं ऑपरेशन आधी केलं. पट्टी काढली तेव्हा मी खुर्चीचा हात घट्ट धरून उभी होते... बाबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग आईला म्हणाले, "हे एवढी वाळली काऊन? हॉस्टेलात खाले देत नाई का?"

काल सीडी आणून त्यांना दुसरा भाग दाखवला. आग लागली तसे ते पुढे सरकले, तोंडावर हात ठेवून पाहत राहिले. "एवढी आग होती, अन् मी पाऊस पाडला..." आणि मग इतके हसले की आईने पदराने त्यांच्या डोळ्याचं पाणी टिपलं, डॉक्टरांनी डोळा चोळू नका म्हटलंय म्हणून.

डावा डोळा पुढच्या महिन्यात. वहीतली तुलना मी खोडलेली नाही. ती आठ पानं नसती तर मला काहीच कळलं नसतं.

तुमच्या घरी कुणी पिक्चरची स्टोरी सांगत असेल तर ऐका, मजेत ऐका... फक्त मधेच एकदा विचारा, हिरोचा शर्ट कोणत्या रंगाचा होता.