मेलमधल्या घराचा फोटो

नोकरीतली बरीच प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे मात्र आजही जसंच्या तसं समोर उभं राहतं. निवृत्तीला दोन वर्षं होती आणि कर्जत तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी, सकाळची हजेरी आटोपत असताना, डोंबिवलीहून आलेलं अकरा जणांचं कुटुंब ठाण्यात शिरलं. सोबत ते एका बाईंना घेऊन आले होते.

बाई डोंगराच्या पायथ्याच्या गावातल्या. नवरा रसायनीला कारखान्यात कामाला आणि त्या स्वतःच्या घरात पाहुण्यांची राहण्या-जेवणाची सोय करायच्या. चार खोल्या, चुलीवरचं जेवण. डोंबिवलीच्या गृहस्थांना मेलवर याच घराची जाहिरात आली होती. त्यांनी आगाऊ रक्कम भरली आणि ठरल्या दिवशी ते दारात पोहोचले. बाईंकडे त्यांच्या नावाची काहीच नोंद नव्हती. मेलमधला फोन नंबर बाईंचा नव्हता, बँक खातंही नव्हतं. फोटो मात्र त्यांच्याच घराचा होता. ओटी, फणसाचं झाड, बाहेरचा निळा झोपाळा, सगळं तेच.

गृहस्थांचं म्हणणं स्पष्ट होतं, की घर यांचं, तर हातही यांचाच. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. घरातलाच कोणीतरी असणार, हा आमच्या धंद्यातला पहिला अंदाज, आणि तो बहुतेक वेळा बरोबर येतो. मी तक्रार नोंदवून घेतली आणि महिला शिपाई सोबत बसवून बाईंची चौकशी सुरू केली. फोटो कोणी काढला, भाचे-पुतणे काय करतात, मोबाईल कोणाच्या हाती असतो, असं दोन तास विचारत राहिलो. त्या न चिडता उत्तरं देत होत्या. शेवटी म्हणाल्या, "साहेब, फोटो माजाच हाय, घर पन माजंच. पन ही जाहिरात मी धाडली नाय. उद्या अजून मानसं येतील. आदी त्यांना थांबवा, मंग मला काय विचारायचं ते विचारा."

गुन्हेगार माणूस स्वतःला सोडवायच्या मागे असतो. ही बाई दुसऱ्यांची काळजी करत होती. मी चौकशी तिथेच थांबवली.

त्या म्हणाल्या तसंच झालं. रविवारी आणखी दोन गाड्या त्यांच्या दारात लागल्या. गावात कुजबुज सुरू झाली आणि बाईंनी दुकानात जाणंही बंद केलं. पण थांबवायचं कोणाला? मेल किती जणांना गेला, कोणाकोणाला गेला, आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं.

बाईंची वेबसाईट भिसेगावच्या एका माणसाने बनवली होती. पूर्वी त्याचा छापखाना होता. सोमवारी मी त्याला बोलावलं. त्याने तो मेल उघडला, थोडा वेळ पाहिला आणि सांगितलं की फोटो मेलमध्ये नाहीच. मेलमध्ये आहे फक्त फोटोचा पत्ता. ठगाने फोटो उतरवून घेण्याचेही कष्ट घेतले नव्हते. कोणीही मेल उघडला की फोटो त्या क्षणी बाईंच्या वेबसाईटवरून येऊन दिसतो.

"म्हणजे फोटो अजून बाईंच्याच ताब्यात आहे?" मी विचारलं.

"हो साहेब."

"तिथला फोटो बदलला तर?"

तो म्हणाला, "तर आधी गेलेल्या मेलमध्येही नवा फोटो दिसेल. काही मेलसेवा जुनी प्रत जपून ठेवतात, ते थोडे सुटतील."

घाई केली असती तर पुरावा हातचा गेला असता. म्हणून आधी पंचांसमक्ष मेलच्या छापील प्रती काढल्या आणि फोटो कधी आणि कुठून उघडला गेला याच्या वेबसाईटवरच्या नोंदी जप्त करून पंचनामा केला. वरिष्ठांची परवानगी आणि बाईंची लेखी संमती घेतली. फोटोच्या जागी लावायची सूचना मी सरकारी भाषेत पानभर लिहिली होती. ती ऐकून बाई म्हणाल्या, "येवढं कोन वाचनार, साहेब?" मग त्यांनीच सांगितलं तसं लिहिलं: थांबा. या घराचं बुकिंग असं होत नाही. पैसे भरू नका. पोलिसांना फोन करा.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठाणे अंमलदाराला जेवायला उठता येईना, इतके फोन आले. बरेच जण पैसे भरण्याच्या बेतात होते. त्यानंतर बाईंच्या दारात एकही अनोळखी गाडी आली नाही.

आरोपीही त्याच नोंदींनी दिला. भिसेगावच्या माणसाचं म्हणणं, जाहिरातीचा मेल तयार करणारा तो आधी स्वतः पाहतोच. लोकांना मेल गुरुवारी गेला होता. त्याआधी मंगळवारी एकाच ठिकाणाहून तो फोटो सात वेळा उघडला गेला होता. इंटरनेट कंपनीला पत्र दिलं. उत्तर आलं ते शेलूच्या नव्या इमारतीतल्या एका फ्लॅटचं.

तिथला माणूस इमारतींच्या जाहिराती मेलने पाठवायचं काम करायचा. लोकांचे पत्ते त्याने त्याच कामातून उचलले होते. चौकशीत तो मोकळेपणाने बोलत होता. मलाही तो मेल आला होता, इतरांसारखा मीही उघडला, म्हणाला. मी त्याला बोलू दिलं. खोटं बोलणाऱ्याला अडवू नये. त्याला जागा दिली की तो स्वतःच कोपऱ्यात जाऊन उभा राहतो. त्याचं संपल्यावर मी नोंदीचा कागद पुढे सरकवला. "मेल गुरुवारी सुटला. तुम्हाला मंगळवारी कसा आला?"

त्याने कागद दोनदा वाचला आणि पाणी मागितलं. संध्याकाळपर्यंत पैसे जमा झालेल्या बँक खात्याचा आणि साथीदाराचा पत्ता लागला.

अटकेनंतर मी बाईंना बोलावून झाल्या चौकशीबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि आता जुना फोटो परत लावा, असं सांगितलं. हंगाम भरात होता. सूचना होती तोवर त्यांच्याकडे खरे पाहुणेही फिरकत नव्हते. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या म्हैनाभर. मेल उशिरा उघडनारं मानूस पन असतंय ना."

तपास मी पुष्कळ केले आणि चांगले केले, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. पण समोर बसलेल्या माणसाला फक्त आपले प्रश्न विचारू नयेत, त्याला काय सांगायचं आहे तेही आधी विचारावं, ही गोष्ट मला इतक्या उशिरा, त्या बाईंनी शिकवली. पुढच्या दोन वर्षांत प्रत्येक जबाब मी त्याच प्रश्नाने सुरू केला.