लाल रेघ मी आखली

अपराधी: मी, कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस, राहणार नंदनवन, नागपूर. नुकसान झालेला इसम: वसंता, मूळचा पारशिवनीचा, माझा शेजारी. काळ: आणीबाणी उठली तो उन्हाळा. साक्षीदार — कोणी नाही. म्हणूनच तर हे आजवर माझ्या बायकोलाही ठाऊक नाही.

कळमन्याकडच्या सरळ रस्त्यावर त्या वेळी पोरे पहाटे मोटरसायकलींच्या शर्यती लावत. वसंताने लिलावात एक परदेशी गाडी घेतली होती. इंजिन किती जोरात फिरते ते दाखवणारी तबकडी तिच्यावर होती; पण काटा कुठवर गेला की गिअर बदलायचा, ती लाल खूण पुसून गेलेली. लवकर बदलावा तर गाडी मागे पडते. उशीर करावा तर इंजिन जाते. गाडीसोबत आलेली इंग्रजी पुस्तिका घेऊन तो माझ्याकडे आला — इंग्रजी जाणणारा म्हणून गल्लीत माझाच लौकिक होता ना?

मला इंग्रजी येत नव्हते. छापील नमुने पाठ होते, एवढेच.

"बाबूजी, काटा कुठवर जाऊ द्याचा जी?"

त्याच्याशी शर्यत लावणारा खुशाल नावाचा पोरगा सोबत होता, तो हसला. "बाबूजीले वाचता येते, का नुसता चष्मा लावून राहिले?"

पानावर दोन आकडे होते. मी मोठा आकडा निवडला — मोठा सांगणारा माणूस जाणकार वाटतो, नाही का? — आणि तबकडीच्या काचेवर त्या जागी लाल रंगाची रेघ स्वतः ओढली.

शर्यतीत वसंता दुसऱ्या गिअरमध्ये त्या रेघेची वाट पाहत राहिला. इंजिन किंचाळू लागले. मी कडेला उभा होतो. हात हलवून थांबवता आले असते. पण मग माझे अज्ञान उघडे पडले असते — आणि मला त्याचीच अधिक भीती वाटली. इंजिन आवळून जाम झाले, मागचे चाक जागीच थांबले, वसंता फेकला गेला. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दवाखान्यात त्याने विचारले, "बाबूजी, मले तं वाटते काटा रेघेपर्यंत पोचलाच नव्हता. का मीच पुढं नेला?"

"तूच नेला गा," मी म्हणालो.

"म्हंजे चूक माहीच."

पुढे एका वकिलाकडून, भलताच बहाणा करून, ते पान वाचून घेतले. इंजिनाची मर्यादा लहान आकड्याची होती, माझ्या रेघेच्या बरीच अलीकडे. मोठा आकडा तेल किती मैलांनी बदलावे याचा!

वसंता आजही कुबडी टेकून पोरांना सांगतो, "माह्यासारखा लोभ करू नका रे." दारावरून कुबडीचा आवाज गेला की मी श्वास रोखून बसतो. कशाची वाट पाहतो मी? तो कधीच काही विचारत नाही. नमस्कार करतो.

सबब, विनंती की, हे वाचणाऱ्याने वसंतास कळवावे — काटा रेघेपर्यंत पोचलाच नव्हता. मी स्वतः सांगण्यास जात नाही. मला भीती वाटते.