मुसकी काढली त्या दिवशी

माझ्या सासऱ्यांना सगळं कुरवंडे गाव आबा म्हणतं. आबांचा कुत्र्यावर जीव होता म्हटलं की लोकांना एखादं गावठी कुत्रं वाटतं. हे रॉटवायलर होतं, काळं, दांडगं, वासराएवढं. आबा ज्या बंगल्याची राखण करायचे, तिथल्या मुंबईच्या मालकानं ते आणून सोडलं. सरकारनं अशा जाती धोकादायक ठरवल्या, सोसायटीनं नोटीस लावली, मग साहेबांना आमचा डोंगर आठवला. "थोडे दिवस सांभाळा, आबा," म्हणाले, आणि न्यायला काही आले नाहीत. मला तेव्हाच चीड आली होती. शहराला जे नको, ते आमच्या अंगणात बरं चालतं!

आबांचं मात्र त्याच्यावाचून पान हलेना. सासूबाई गेल्यापासून घुम्यासारखा बसणारा माणूस दिवसभर "लेका हिकडं ये, लेका पानी पी" करू लागला. ग्रामपंचायतीनं बजावलं, साखळी आणि तोंडाला मुसकी हवीच. आबांनी बैलांना घालतात तशी सुतळीची मुसकी स्वतः विणली. जनावरही शहाणं, मुसकी दिसली की मान पुढं करायचं.

चंपाषष्ठीला आमच्याकडे तळी उचलतात आणि भरीत-रोडग्याचा नैवेद्य कुत्र्याला घालतात, कुत्रं खंडोबाचं म्हणून. अंगण माणसांनी भरलेलं. मी म्हटलं, "आबा, त्याचं पान परसात न्या."

"द्येवाच्या जनावराला चोरून निवद द्यायचा व्हय?" आबा म्हणाले, आणि सगळ्यांसमोर त्याची मुसकी काढली.

ते निमूट खात होतं. तेवढ्यात शेजारची मावशी त्याच्या कपाळाला भंडारा लावायला वाकली. गावठी कुत्र्यांना दरसाल लावते, तशीच. खात्या तोंडावर परका हात आला आणि त्यानं मनगट धरलं. आबा ओरडले तसं सोडलंही, पण व्हायचं ते झालं होतं. मावशीला अजून विळा धरवत नाही.

दवाखान्यात ती आबांना म्हणाली, "माजा राग न्हाई त्याच्यावर. पर हितं पोरं ख्येळत्यात." तिचं बरोबरच होतं.

आबांनी मालकाला फोन लावला. "कुत्रं तुम्हीच पाळलंय, आमचा काय संबंध," म्हणाला तो. मी फोन हिसकावून तोंडाला येईल ते बोलले, पण त्यानं आधीच ठेवला होता. चौकशीला सरकारी माणसं आली तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "माजं हाय. चूक बी माजीच." परवाना नव्हता, माणसाला चावलेलं. त्याला शहराकडच्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात न्यायचं ठरलं.

गाडी आली तर ते कुणाला जवळ येऊ देईना. एकानं काठीला लावलेला फास काढला. आबा म्हणाले, "थांबा, त्याला लागंल." स्वतः गाडीत चढले आणि आतून हाक मारली. ते शेपूट हलवत उडी मारून आत गेलं, त्यांच्या पायाशी बसलं. मग आबा एकटेच खाली उतरले आणि गाडीवाल्यानं दार लावलं.

मला फार वाईट वाटलं. ज्या कुत्र्याच्या नावानं मी इतकी बोटं मोडली, त्याच्यासाठी चुलीपुढं बसून रडले.

परवा मी आबांना म्हटलं, चला, एकदा बघून येऊ त्याला.

"नगं," म्हणाले. "मला बघून त्याला वाटंल, न्यायला आलाय."