मंडळाचा खरा सभासद

आमच्या कॉलेजच्या जीवशास्त्र मंडळात शिरणं इंद्राच्या दरबारात शिरण्याहून कठीण होतं. बी.एस्सी.च्या पोरांतून वर्षाला फक्त पाच जण घ्यायचे, आणि परीक्षा एकच: बेडकाच्या डोक्यातल्या नसा न तोडता मोकळ्या करून दाखवायच्या.

हे बेडूक आणायचा प्रयोगशाळेतला शिपाई. त्याच्या अंगाला फॉर्मॅलिनचा असा वास, की सदर भागातले डास थेट शहराबाहेर खापरखेड्याला बदली मागत. नाल्यातले बेडूक म्हणे त्याची सायकल ओळखून आपणहून पिशवीत बसत. बोलण्याआधी तो हातातला चिमटा टेबलावर दोनदा टकटक वाजवी.

परीक्षेत माझ्या कात्रीनं मुख्य नसच उडवली. घरी वडिलांनी आमच्या अर्ध्या इतवारी मोहल्ल्याला आधीच पेढे वाटून ठेवलेले! मी बेडकाहून ओला झालो.

मागे टकटक झालं. "काहून गा डॉक्टर, रडून राहिला का?"

त्यानं माझा ट्रे उचलला आणि दुसरा ठेवला. त्यात साऱ्या नसा सतारीच्या तारांसारख्या ताणलेल्या. तपासायला आलेल्या सरांनी माझी पाठ थोपटली.

सत्काराला आम्हा पाचांच्या छातीवर बिल्ले लागले. तो चहा वाटत होता. मी हळूच म्हटलं, "तुमचे उपकार कसे फेडू?"

त्यानं चमचा कपावर दोनदा वाजवला आणि सर्वांना ऐकू जाईल असं बोलला, "उपकार कायचे गा? सतरा वर्षं झाले, पाचही जागी मीच भरती होऊन राहिलो. फोटोत तोंडं तेवढे तुमचे येते."

मी बाकीच्या चौघांकडे पाहिलं. चौघेही खाली मान घालून चहा पीत होते.